तिसऱ्या दिवशी राहील तो खोटा

फिरता प्रेषित दारात आला, तर प्रत्यक्ष प्रभूच आला असं समजून त्याला घरात घ्यावं. एक दिवस ठेवावं. अडचण असेल तर दुसराही दिवस. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही, तर तो खोटा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर बांधून द्यावी. त्याने पैसे मागितले, तर तो खोटा.

हे नियम आमच्या नगरच्या कुठल्या पंच कमिटीने केलेले नाहीत. ते सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे, बहुधा सीरियाच्या बाजूचे आहेत. ‘दिदाखे’, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, या लहानशा ग्रीक पुस्तकात ते सापडतात. पुस्तकाचं नाव जुन्या लेखकांना ठाऊक होतं, पण पुस्तक हरवलेलं होतं. १८७३ साली फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंना कॉन्स्टॅन्टिनोपलच्या एका मठाच्या ग्रंथालयात एक जाडजूड हस्तलिखित दिसलं. लेऑन नावाच्या लेखनिकाने १०५६ साली ते नकलून काढलं होतं आणि त्यातच हे पुस्तक होतं. १८८३ साली ते छापून आलं.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि रविवारी संध्याकाळी मंडळीतल्या तरुण मुलांचा शास्त्राभ्यास घेतो. खोटी शिकवण ओळखायची कशी, हा प्रश्न मुलं दर वर्षी विचारतात. धर्मसभांच्या तारखा आणि मतांगीकार नंतर येतात. मी सुरुवात या मुक्कामाच्या नियमांपासून करतो, कारण ते कोणालाही वापरता येतात. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, अशा अर्थाची म्हण ज्यांच्या घरात आहे त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

हे नियम का लागले, तेही समजून घेतलं पाहिजे. त्या काळी आजच्यासारखं चर्च नव्हतं, नव्या कराराची बांधीव प्रत नव्हती. पाच-पंचवीस माणसं कुणाच्या तरी घरी जमत. गावोगाव फिरणारे प्रेषित, संदेष्टे, शिक्षक येत आणि प्रभूच्या गोष्टी सांगत. आलेला माणूस खरा की भोंदू, हे पडताळायला हातात काही नसे. माणसं भाबडी होती आणि आदरातिथ्य हे तर धर्माचंच काम. साहजिकच त्यावर जगणारे निघाले.

असा एक माणूस लुकियन या विनोदी लेखकाने रंगवला आहे. त्याचं नाव पेरेग्रिनस. लुकियन स्वतः ख्रिस्ती नव्हता आणि टवाळ होता, तेव्हा त्याचं सगळं सांगणं जसंच्या तसं घेऊ नये. पण चित्र ओळखीचं आहे. पेरेग्रिनस पॅलेस्टाइनमधल्या ख्रिस्ती लोकांत शिरला आणि बघता बघता त्यांचा पुढारी झाला. त्याला तुरुंगात टाकलं, तर पहाट झाली की म्हाताऱ्या विधवा आणि पोरकी मुलं तुरुंगाच्या दाराशी बसलेली दिसत. आत ताटं जात. आशिया प्रांतातल्या शहरांतून मंडळ्यांच्या खर्चाने माणसं त्याला धीर द्यायला येत आणि या सगळ्यात त्याची चांगली कमाई झाली. पुढे त्याचं ख्रिस्ती लोकांशी बिनसलं, तो दुसऱ्या वाटेला लागला आणि १६५ साली ऑलिम्पियाच्या खेळांच्या वेळी जमलेल्या लोकांदेखत त्याने स्वतःला जाळून घेतलं. लुकियन त्या भोळ्या लोकांना हसतो. पण पहाटे तुरुंगाशी बसलेल्या त्या विधवांची श्रद्धा खोटी नव्हती. तिचा फायदा घेणारा खोटा होता.

दिदाखे लिहिणाऱ्याने असे पाहुणे जवळून पाहिले असणार. त्याचा मला सर्वांत आवडलेला नियम पंगतीचा आहे. आत्म्याच्या प्रेरणेने ‘पान मांडा’ असा हुकूम सोडणारा संदेष्टा स्वतः त्या पानावर जेवायला बसला, तर तो खोटा. आत्म्यात बोलताना ‘मला पैसे द्या’ म्हणेल, त्याचं ऐकू नका. मात्र दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल, तर कोणी त्याला दोष देऊ नये. खरं तेच शिकवतो, पण शिकवतो तसं वागत नाही, तोही खोटाच. आणि गंमत म्हणजे हेच पुस्तक बजावतं की, संदेष्टा आत्म्याच्या प्रेरणेने बोलत असताना त्याची परीक्षा घेऊ नका, ते पाप आहे. थोडक्यात, बोलताना टोकू नका, पान वाढल्यावर बघा.

गावात कायम राहायला येणाऱ्याचाही विचार केला आहे. हातात कसब असेल तर त्याने काम करावं आणि खावं. कसब नसेल तर मंडळीने विचार करून त्याची काही सोय लावावी, पण ख्रिस्ती म्हणवणारा रिकामटेकडा बसता कामा नये. हे त्याला मान्य नसेल, तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा समजावा. खरा संदेष्टा स्थायिक झाला, तर खळ्यावरच्या धान्याचा, द्राक्षरसाचा, गुराढोरांचा पहिला वाटा त्याचा. मंडळीत संदेष्टाच नसेल, तर तोच वाटा गरिबांचा.

साधारण त्याच शतकात रोममध्ये हर्मास नावाच्या माणसाने ‘मेंढपाळ’ हे पुस्तक लिहिलं. हा पूर्वी गुलाम होता. त्याला दर्शनात दिसलेला खोटा संदेष्टा खुर्चीवर बसला आहे आणि समोर बाकावर माणसं. ती आपलं कसं होईल ते विचारतात आणि ज्याला जे हवं तेच उत्तर मिळतं. दक्षिणा ठेवल्याशिवाय याचं तोंड उघडत नाही. हा कोपऱ्यात एकेकट्याला गाठून भविष्य सांगतो. मनापासून प्रार्थना करणाऱ्या मंडळीच्या मधोमध आणून बसवला, तर मात्र त्याची वाचाच बसते. हर्मासची कसोटी एका वाक्यात सांगायची तर, चार लोकांसमोर बोलतो का ते पाहा.

फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या काठी, लिऑनचा बिशप इरेनियस याने १८० च्या सुमारास पाखंडांविरुद्ध पाच पुस्तकं लिहिली. त्यातला मार्कस हा भोंदू तर आजच्या वर्तमानपत्रातून उचललेला वाटतो. हा प्रभुभोजनाचा प्याला हातात घेऊन लांबलचक प्रार्थना करी आणि प्याल्यातलं पेय जांभळं-लाल होई. मग एखाद्या बाईच्या हाती लहान प्याला देई, तिच्याकडून त्यावर आशीर्वाद म्हणून घेई आणि तो मोठ्या प्याल्यात ओतला की मोठा प्याला भरून वाहू लागे. बाया निवडायचा त्या श्रीमंत, भारी वस्त्रांतल्या. त्यांना सांगायचा, तुझ्यातही आता संदेश देण्याचं दान आलं आहे, उघड तोंड. ती बिचारी थरथरत काहीबाही बोले आणि आपण संदेष्टी झालो या आनंदात त्याला आपलं धन देऊन बसे. आशियातल्या एका मंडळीच्या सेवकाने याला घरी उतरवून घेतलं, तर त्याची बायकोच याच्या नादी लागून निघून गेली. मंडळीतल्या लोकांनी मोठ्या कष्टाने तिला परत आणलं आणि ती पुढे सर्वांसमोर रडून आपली चूक सांगत राहिली. इरेनियस लिहितो की असल्या बाया त्याच्या स्वतःच्या भागातही आहेत. काहींनी उघड कबुली दिली, काही लाजेने गप्पच राहिल्या.

त्याच काळात आशिया मायनरमधल्या फ्रिगियात मोंटेनस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किल्ला, मॅक्सिमिल्ला या दोन संदेष्ट्यांची चळवळ उठली. तिच्या विरोधकांनी तोच जुना सूर लावला. संदेष्टा केसांना कलप लावतो का? डोळे रंगवतो का? फासे खेळतो का? व्याजबट्टा करतो का? मॅक्सिमिल्लाने लढाया आणि उलथापालथी होतील असं भाकीत केलं होतं. तिच्या मृत्यूला तेरा वर्षं उलटून गेली तरी कुठे लढाई झाली नाही, असं एकाने हिशेबाने लिहून ठेवलं. भाकिताची तारीख वहीत टिपून ठेवण्याची ही सवय आपणही लावून घेण्यासारखी आहे.

इथपर्यंतची परीक्षा कोणत्याही गृहिणीला, कोणत्याही शेतकऱ्याला घेता येत होती. पाहुणा किती खातो, किती राहतो, काय मागतो, एवढंच बघायचं. पण मार्कियनच्या बाबतीत ही परीक्षा तोंडावर आपटली.

मार्कियन काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा. जहाजांचा मालक, पैसेवाला. १४० च्या सुमारास तो रोमला आला आणि तिथल्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स एवढी रक्कम त्याने दान दिली. घेतलं काहीच नाही, उलट दिलं. त्याच्या वागणुकीला नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्याचं म्हणणं असं की, यहुदी शास्त्रातला, जग निर्माण करणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. म्हणून जुना करार टाकून द्यावा. शुभवर्तमान एकच, लूकचं, तेही काटछाट केलेलं. शिवाय पौलाची दहा पत्रं. बस्स, एवढंच शास्त्र. १४४ साली रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याचे दोन लाख त्याला परत दिले.

हे पैसे परत करणं मला फार मोठं वाटतं. दान ठेवून घेऊन माणूस हाकलता आला असता. मंडळीने दोन्हींचा संबंध तोडला.

मार्कियनमुळे नवीच गरज उभी राहिली. माणूस चांगला आणि शिकवण चुकीची, असंही असू शकतं. मग शिकवण मोजायला माप हवं. कोणती पुस्तकं शास्त्र धरायची, याची चर्चा यातून धारदार झाली. ती पुष्कळ पुढे गेल्यावर, ३६७ साली, आलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या पत्रात आजच्या नव्या कराराची सत्तावीस पुस्तकं नेमकी मोजलेली सापडतात. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायचा विश्वासाचा सारांश घट्ट झाला. प्रेषितांपासून कोणी कोणाकडून शिकवण घेतली, याच्या याद्या तयार झाल्या. इरेनियस अभिमानाने सांगे की, लहानपणी मी पॉलिकार्पला ऐकलं आहे आणि पॉलिकार्पने योहानाला ऐकलं होतं.

पाखंडी लोक करतात काय, हे त्याने एका उदाहरणाने दाखवलं आहे. कारागिराने रत्नांचे तुकडे जोडून राजाचं चित्र केलं. कोणी येऊन तीच रत्नं उचकटून त्यांचा कोल्हा केला आणि सांगू लागला, बघा, हाच तो राजा, रत्नं तर तीच आहेत! शास्त्रातली वचनं इकडची तिकडे जोडून नवाच अर्थ काढणाऱ्यांचं याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही. इरेनियस टिंगलही करी. त्याचे विरोधक विश्वाच्या आरंभाची गूढ तत्त्वं एकातून एक काढत. हा म्हणाला, मग मीही सांगतो, आरंभी भोपळा होता, त्यातून काकडी झाली आणि पुढे खरबूज.

टिंगलीत न्याय होतोच असं नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका मडक्यात तेरा जुनी पुस्तकं सापडली. त्यांत या विरोधकांच्या पंथांचं लेखन त्यांच्याच शब्दांत होतं. इरेनियसने त्यांची मतं पुष्कळशी बरोबर मांडली होती, हे त्यावरून दिसलं. त्या लेखनातली तळमळ मात्र त्याच्या भोपळ्या-काकडीत कुठेच आलेली नव्हती. ज्याला खोटं ठरवायचं त्याचं पुस्तक आधी पूर्ण वाचावं, हा धडा मुलांना मी इथे देतो.

तरी इरेनियसच्या हाती फक्त लेखणी होती. ३२५ साली निकियाच्या धर्मसभेत पहिल्यांदा बादशहा येऊन बसला. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, असं मानणाऱ्या एरियसचं मत सभेने खोटं ठरवलं आणि कॉन्स्टन्टाइनने त्याला हद्दपार केलं. काही वर्षांनी त्याच कॉन्स्टन्टाइनने त्याला माघारी बोलावलं. ३३७ साली मरतेसमयी बादशहाने बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे एरियसच्या पाठीराख्याकडून. निकियाचा कैवारी अथनेशियस चार बादशहांच्या काळात पाच वेळा हद्दपार झाला. माणूस तोच, शिकवण तीच. राजवाड्यातला वारा फिरला की तो पाखंडी आणि पुन्हा फिरला की प्रभूचा सेवक. परीक्षा सत्तेच्या हाती गेली की ती शिकवणीची राहत नाही.

३८५ साली जर्मनीतल्या ट्रिअर शहरात याची हद्द झाली. स्पेनमधला बिशप प्रिस्किलियन, उपासतापास करणारा कडक माणूस. दुसऱ्या बिशपांनी त्याच्यावर आरोप केले, प्रकरण मॅक्सिमस बादशहापर्यंत गेलं आणि जादूटोण्याचा ठपका ठेवून त्याचं आणि काही साथीदारांचं डोकं उडवलं गेलं. टूर्सचा बिशप मार्टिन याने बादशहाला परोपरीने विनवलं होतं. त्याचं म्हणणं, बिशपांनी निकाल देऊन मंडळीबाहेर काढलं की पुष्कळ झालं, रक्त सांडू नका. हा मार्टिन प्रिस्किलियनच्या मताचा मुळीच नव्हता. म्हणून त्याच्या विनवणीचं मोल जास्त.

मार्टिनचं न ऐकण्याचे परिणाम आपल्या किनाऱ्यावरही पोचले. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूरला सभा भरवली आणि प्रेषित थोमाच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची सीरियक पुस्तकं चुकीची ठरवून दुरुस्त करायला किंवा जाळायला लावली. आपली पुस्तकं गमावल्याचं ते लोक विसरले नाहीत. १६५३ साली मट्टनचेरीला त्यांनी क्रूसाला दोर बांधून, तो धरून पोर्तुगीज पाद्र्यांचा अंमल झुगारण्याची शपथ घेतली.

गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, होतंच. मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत ते चाललं. डेलॉन या फ्रेंच डॉक्टरला दमणमध्ये पकडून गोव्याच्या कोठडीत ठेवलं होतं. सुटल्यावर त्याने लिहिलं की, कैद्याला आरोप सांगत नसत. काय गुन्हा केला ते त्यानेच ओळखून कबूल करायचं. १७३६ च्या फर्मानात तर कोकणी ख्रिस्ती घरांतल्या बारीकसारीक रीतींवर बंदी आली. दारातली तुळस नको. हिंदू शिजवतात तसा मिठाशिवाय भात शिजवायचा नाही. अ. का. प्रियोळकरांच्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात हे सगळं वाचायला मिळतं.

मिठाचा हा नियम वाचला की मला दिदाखेची पंगत आठवते. दोन्हीकडे खोटेपणाची झडती स्वयंपाकघरातच घेतली आहे. दिदाखेत गरीब यजमान धर्मोपदेशकाच्या ताटाकडे बघतो. गोव्यात धर्मोपदेशक गरीब यजमानाच्या भाताच्या तपेल्यात डोकावतो. सोळा शतकांत झडती घेणारा आणि देणारा यांची अदलाबदल झाली होती. ज्याला तपासायचं तोच तपासनीस होऊन बसला.

ही अदलाबदल आपल्याकडच्या एका बाईने बरोबर ओळखली होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या पत्रांतून लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. पण त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चचा अधिकार या प्रश्नांवर दोघींची चांगलीच जुंपली. रमाबाईंचं वय पंचविशीचं, परका देश, मठाचाच आधार. तरीही त्यांनी स्पष्ट लिहिलं की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटले आहे, दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही. देवाचं वचन मानीन, पण पाद्री सांगेल तेच देवाचं वचन, हे मानणार नाही. आजीबाईंच्या लेखी हा अहंकार आणि भरकटलेली शिकवण होती. पुढे याच रमाबाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं. पाद्र्याच्या सांगण्यावर न विसंबता मूळ ग्रंथापर्यंत जायचं, हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आता आजचं. आमच्या तालुक्यात मध्यंतरी एक फिरता सुवार्तिक येऊन गेला. आवाज खणखणीत, वचनं तोंडपाठ. सभेत प्रार्थना केलेल्या तेलाच्या बाटल्या विकल्या गेल्या आणि स्टेजच्या खांबाला क्यूआर कोड डकवलेला होता. एका बाईने बचत गटाचा हप्ता तिथे टाकला. आमच्या पंचांनी हिशेब विचारला, तर उत्तर आलं, देवाच्या अभिषिक्तावर बोट ठेवू नका. त्याच्या शिकवणीत त्रैक्याची किंवा तारणाची एकही चूक दाखवता आली नसती. निकियाच्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाला असता. दिदाखेच्या परीक्षेत मात्र पहिल्याच संध्याकाळी नापास.

म्हणून माझं मत असं आहे. दोन्ही परीक्षा लागतात. मार्कियनसाठी शास्त्र उघडावं लागतं आणि त्या तेलवाल्यासाठी वही. परीक्षा घेणारी मंडळी असावी, सरकार नसावं. मंडळीबाहेर काढणं ही शेवटची शिक्षा, त्यापुढे एक पाऊलही नाही. आणि काढायचंच झालं तर आधी त्याचे पैसे परत करावेत.

वाचकांपैकी जे कुणी पंच किंवा खजिनदार असतील, त्यांना एक विनंती. पाहुणा उपदेशक आला तर अर्पण सर्वांसमोर मोजा, रजिस्टरात लिहा आणि पुढच्या रविवारी आकडा वाचून दाखवा. त्याने सांगितलेलं भाकीतही तारखेसकट टिपून ठेवा. तो दुसऱ्या कुणाच्या भुकेसाठी मागत असेल, तर हात आखडू नका. स्वतःसाठी मागत असेल, तर भाकर बांधून द्या आणि बसस्टँडपर्यंत सोडून या.